खारटच राहू द्या ते पाणी

"अहो, पाणी वाढलं तर बिघडलं कुठे?"

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळाची सहल लोणारला गेली होती. परतीच्या वाटेवर, बसमध्ये मागच्या बाकावरून एका ज्येष्ठ सभासदांनी हा प्रश्न विचारला आणि निम्म्या बसने माना डोलावल्या. ते जन्मभर पाटबंधाऱ्याच्या कामावर राबलेले सज्जन गृहस्थ. त्यांच्या तोंडून हा प्रश्न आला म्हणून मी त्या वेळी गप्प बसलो. वडीलधाऱ्या माणसाशी बसमध्ये वाद घालू नये, एवढे संस्कार आमच्यावर झालेले आहेत. पण छापून वाद घालू नये असे कोणी सांगितलेले नाही. म्हणून हा लेख.

आधी सहल कशी झाली ते सांगतो, कारण तंट्याचे मूळ तिथेच आहे. भालकीहून बस पहाटे चारला निघाली. उदगीर, परभणी, जिंतूर, मंठा असे करत आम्ही दुपारी लोणारला टेकलो. रात्रीचा मुक्काम शेगावला ठरलेला. आपल्याकडच्या बहुतेक सहलींत लोणार हे गाव शेगावच्या वाटेवरचा थांबा म्हणूनच येते. जसा चहाचा थांबा, तसा सरोवराचा. ड्रायव्हरने दीड तास दिला. त्यात जेवण अर्धा तास. उरलेल्या वेळात पन्नास माणसे विवराच्या वरच्या कडेला उभी राहिली, खाली पाहिले, फोटो काढले, वारा फिरल्यावर नाकाला पदर लावले, आणि "हे एवढंच?" असा चेहरा करून बसमध्ये येऊन बसली. खाली उतरलो आम्ही सहा जण. त्यांतले दोघे अर्ध्या वाटेवरून परतले. कमळजादेवीपर्यंत काठाने चालत जायचा माझा बेत होता. पण काठच जाग्यावर नव्हता. पूर्वी जिथून वाट जायची तिथे पाणी होते आणि पाण्यातून बाभळींचे वाळके शेंडे वर आलेले होते.

बसमध्ये मग चर्चा रंगली. एकाचे म्हणणे, पाणी इतके घाण कसे ठेवले आहे, स्वच्छ करून त्यात होड्या का सोडत नाहीत? दुसऱ्याचे म्हणणे, काठाने सिमेंटचा रस्ता करावा, दिवे लावावेत, म्हणजे बायकामुलांना फेरी मारता येईल. आणि तिसरा, तो वर सांगितलेला, पाणी वाढण्याचा प्रश्न.

तिन्ही सूचना चांगल्या मनाने केलेल्या होत्या. म्हणूनच त्यांची भीती वाटते. वाईट हेतूने आलेल्या माणसाला अडवता येते. चांगल्या हेतूने फावडे घेऊन आलेल्याला कोण अडवणार?

ज्यांनी लोणार पाहिलेले नाही त्यांच्यासाठी चार गोष्टी. बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर नदी अडवून झालेले नाही, कोणा राजाने खोदलेले नाही. आकाशातून आलेली उल्का दख्खनच्या काळ्या पत्थरावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा, दीडशे मीटरच्या आसपास खोल असा गोल खड्डा पडला. त्याच्या तळाशी साधारण सव्वा किलोमीटर रुंदीचे पाणी साठले. हे कधी घडले याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. जुन्या मोजणीप्रमाणे पन्नास हजार वर्षांच्या आसपास, तर अलीकडच्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीप्रमाणे पाच लाख सत्तर हजार. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षे हा ज्वालामुखीचाच प्रताप असे बहुतेक जण मानत होते. १९७३ मध्ये अमेरिकी आणि भारतीय भूशास्त्रज्ञांनी मिळून इथल्या खडकांचे पुरावे प्रसिद्ध केले आणि उल्कापाताची बाजू पक्की झाली. बसाल्ट खडकात पडलेली आणि इतकी चांगली टिकलेली उल्काविवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. चंद्रावर आणि मंगळावर मात्र अशा खडकाचा तुटवडा नाही. म्हणून तिकडचा अभ्यास करणारे लोक इकडे येतात.

आपल्या पूर्वजांनी याच गोष्टीची कथा त्यांच्या पद्धतीने सांगितली. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या गुहेत राहून लोकांना छळत असे. विष्णूने पायाच्या अंगठ्याने गुहेचे झाकण उडवले आणि त्याला मारले. हे पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि खार म्हणजे त्याचे मांस. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ त्या विष्णूचेच. बाहेरून कोरीवकाम पाहत एक फेरी मारली तरी तासभर जातो. वरून काहीतरी आले आणि जमीन फुटली, एवढे कथेतही आहे आणि शास्त्रातही आहे, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

आता मुद्द्याचे. त्या खड्ड्याला पाणी आत यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. पाऊस पडतो, कडेच्या झऱ्यांचे पाणी उतरते, आणि सगळे पाणी केवळ उन्हाने उडून जाते. पाणी उडते, पण त्यातला क्षार मागे राहतो. हे हजारो वर्षे चालले आणि पाणी खारट झाले. त्याहूनही जास्त ते अल्कलीयुक्त झाले, म्हणजे धुण्याच्या सोड्यासारखे बुळबुळीत. या पाण्यात हिरवे सूक्ष्म शेवाळ खच्चून वाढते. त्यामुळे पाणी हिरवे दिसते आणि काठच्या कुजणाऱ्या चिखलामुळे वास येतो. तो वास घाणीचा नाही. तो त्या पाण्याच्या अंगाचाच वास आहे. गोठ्यात शेणाचा वास येतो म्हणून आपण गोठा अस्वच्छ म्हणत नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'ऐन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख येतो तो काच आणि साबण करायला लागणाऱ्या वस्तू इथे मिळतात म्हणून. काठावर जमणाऱ्या खाराच्या निरनिराळ्या जातींना नावे होती. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. हे शब्द म्हणून पाहा किती ठसठशीत आहेत! ज्याला आपण आज दुर्गंधीचे डबके म्हणतो, त्याच्या चिखलाला प्रतवारी होती आणि प्रत्येक प्रतीला गिऱ्हाईक होते.

हे सगळे वरून दिसत नाही, म्हणून खाली उतरायचे असते. गावाकडच्या अंगाला धार आहे. गोमुखातून बारमाही पडणारे गोडे पाणी. तिथून पायऱ्या आणि मग वाट. उताराला लागले की गावाचा आवाज एकाएकी तुटतो. सीताफळी, कडुनिंब, साग. वाटेवर पडकी देवळे येतात. काही इतकी झाडीत गेलेली की गाभाऱ्यातल्या वटवाघळांनी फडफड केल्यावरच ती आहेत हे कळते. खाली पोहोचायला अर्धा तास. मग काठाने पाऊण तास कमळजादेवीपर्यंत. चढायला किती लागेल ते ज्याने त्याने आपल्या गुडघ्यांना विचारावे. एकूण हिशेब केला तर फार तर तीन तासांचा फेरफटका. महाबळेश्वरच्या बाजारात आपण यापेक्षा जास्त चालतो.

मी ही वाट पहिल्यांदा चाललो ती १९९४ साली. त्यानंतर पाच-सहा वेळा. सगळ्यात चांगली लक्षात राहिली ती २०१९ च्या मे महिन्यातली. उन्हाळा कडक होता, पाणी खूप आत गेले होते आणि काठाचा चिखल वाळून त्यावर पांढरी पापडी धरली होती. पाऊल टाकले की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. पापडी हे नाव का पडले ते त्या दिवशी कानांना कळले. लांडोर पिल्ले घेऊन बाभळीखालून गेली. पाण्याच्या कडेला शेकाट्या लांब लाल पायांवर उभ्या होत्या. बरोबर माझ्या बहिणीचा नातू होता. आमच्याकडची पोरे शाळेत कानडी, घरी मराठी, गल्लीत दखनी. त्याने बोट बुडवून जिभेला लावले, तोंड वेडेवाकडे केले आणि ओरडला, "मामाजोबा, उप्पु! उप्पिन केरे!" मिठाचे तळे. त्याला त्या क्षणी मराठी सुचली नाही, कानडी सुचली. मी त्याला म्हटले, बरोबर आहे, आपण सकाळी खाल्लेल्या उप्पीटातही तोच उप्पु आहे. उप्पु आणि हिट्टु मिळून उप्पीट. मग म्हणाला, आपला 'मीठ' शब्द कुठून आला? मी सांगितले, संस्कृतातल्या 'मिष्ट'वरून, म्हणजे गोड. तेव्हापासून तो मला थापाड्या समजतो. पण ते खरे आहे. मराठीने गोडाचे नाव खारटाला दिले. गल्लीतली दखनी बोलणारी पोरे 'मीठा' म्हणाली की आमची लहान मुले फसतात ती म्हणूनच.

तेव्हा मी खिशातून हळदीची पुडी काढली. लोणारच्या काठाला हळदीशिवाय जाऊ नये. पाणी ओंजळीत घेऊन त्यात चिमूटभर हळद टाकली की ती बघता बघता लाल होते. पानाच्या डब्याजवळ बसलेल्या आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक होते की चुन्याचे बोट लागले की हळद लाल होते. इथे सबंध सरोवर त्या चुन्याच्या बोटासारखे आहे. नातवाने तीनदा करून पाहिले आणि पुडी संपवली.

पुढच्याच वर्षी, जून २०२० मध्ये, सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या साऱ्या देशाने त्याची चित्रे पाहिली. कोणी दैवी कोप म्हटले, कोणी प्रदूषण. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नमुने तपासायला सांगितले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले की पाणी आटून खारटपणा वाढला, ऊन तापले, आणि अतिखारट पाण्यातच जगणारे, अंगात गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव बहरले. पुढे ते तळाशी बसले आणि रंग गेला. म्हणजे ज्या दिवशी सरोवर सगळ्यात जास्त खारट होते त्या दिवशी ते सगळ्यात जास्त जिवंत होते. त्याच वर्षी त्याला रामसर यादीत जागा मिळाली. १९७९ पासून ते राष्ट्रीय भूवारसा स्मारक आहेच आणि २००० पासून अभयारण्यही.

इतक्या पाट्या लागल्यावर माणसाला वाटेल, आता काळजी मिटली. पण पाट्या वर लागल्या आहेत आणि पाणी खाली येते आहे.

गेल्या काही वर्षांत सरोवराची पातळी चढत गेली. काठावरची देवळे पाण्याने वेढली, २०२५ मध्ये कमळजादेवीच्या देवळातही पाणी शिरल्याच्या बातम्या आल्या. नवरात्रात जिथे यात्रा भरते तिथे. पाण्यात मासे दिसल्याच्याही बातम्या आल्या. मासे दिसले म्हणून काही जण आनंदले. अहो, या पाण्यात मासा जगत नाही हीच तर त्या पाण्याची ओळख होती! ज्या पाण्यात मासा जगू लागला ते लोणारचे पाणी राहिले आहे का, हे कोणीतरी विचारायला हवे.

आता आमच्या ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न. पाणी वाढले तर बिघडले कुठे? हा प्रश्न मला समजतो. आपण दुष्काळी मुलखातली माणसे. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ती गाडी पाहायला आमच्याकडून माणसे गेली होती. अशा माणसाला कुठल्याही खड्ड्यातले पाणी वाढलेले पाहून बरेच वाटणार. पाणी म्हणजे पुण्य, जास्त पाणी म्हणजे जास्त पुण्य, हा हिशेब आपल्या हाडात मुरलेला आहे. विहिरीला, तळ्याला, धरणाला तो बरोबर लागू पडतो. लोणारला लागू पडत नाही. वरणात मीठ नेमके पडलेले असताना वर दोन तांबे पाणी ओतून "वरण वाढलं, बिघडलं कुठे?" असे घरात विचारून पाहावे. काय उत्तर मिळते ते सभासदांनी मला कळवावे.

धारेचे पाणी तर पूर्वापार आत येतच होते, मग आजच ओरड का, असेही विचारले गेले. रास्त प्रश्न आहे. येणारे पाणी आणि उडून जाणारे पाणी यांचा तराजू हजारो वर्षे हलत-डुलत का होईना, तोललेला होता. पातळी पूर्वीही खालीवर झाली आहे आणि पुढेही होईल. आज वाढलेल्या पाण्यात वाटा कोणाचा किती, याबद्दल मते अनेक आहेत. कोणी जास्तीच्या पावसाकडे बोट दाखवतो, कोणी आसपासच्या पाझर तलावांकडे. त्याचा निवाडा जाणकारांनी मोजमाप करून करावा. पण एका वाट्याबद्दल वाद नाही, तो म्हणजे गावाचे सांडपाणी. गाव विवराच्या कडेला वसलेले, उतार आतल्या बाजूला. पाणी उतार धरणारच. यात लोणारच्या लोकांना शिव्या घालण्यासारखे काही नाही. आपल्यापैकी कोणाच्या गावाचे गटार कुठे जाते हे आपल्याला माहीत आहे का? आमच्या गावचे मला माहीत आहे आणि ते सांगण्यासारखे नाही. उलट, अभयारण्य झाल्यापासून त्या गावाने जळणापासून चराईपर्यंत कितीतरी बंधने सोसली आहेत आणि त्या बदल्यात त्याच्या पदरात पर्यटकांनी टाकलेल्या पिशव्या पडल्या आहेत.

मात्र इथे एक फसवे उत्तर नेहमी दिले जाते, आणि माझा खरा राग त्यावर आहे. ते उत्तर असे, की सांडपाणी शुद्ध करून सोडू. ऐकायला किती छान! पण शुद्ध केलेले पाणीही गोडेच असते ना? गंगोत्रीहून कावड आणून ओतली तरी या सरोवराचे ती नुकसानच करील. या पाण्याला घाण जितकी मारते तितकेच निर्मळ पाणीही मारते. तेव्हा शुद्ध करा, जरूर करा, पण ते पाणी कडेच्या बाहेर न्या, शेताला द्या, बागेला द्या. आत एक थेंब नको. २०२२ मध्ये लोणारसाठी सुमारे ३७० कोटींचा विकास आराखडा मंजूर झाला. त्यातला पहिला रुपया या एका कामावर खर्च झाला आणि बाकीचे तसेच पडून राहिले तरी माझी तक्रार नाही.

हे काही माझ्या मनचे वेड नाही. ओडिशातल्या चिलिका सरोवराचे उदाहरण घ्या. तिथे समुद्राकडे उघडणारे मुख गाळाने बुजत गेले, खारे पाणी आत येईना, सरोवर गोडसर झाले. परिणाम काय? पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली, कोळ्यांचे हाल झाले. तेव्हा तिथल्या लोकांनी काय केले? सप्टेंबर २००० मध्ये वाळूची पट्टी कापून समुद्राला नवे तोंड करून दिले. सरोवर पुन्हा खारावले, मासळी परतली आणि २००२ मध्ये धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीतून त्याचे नाव निघाले. खारेपण परत आणण्यासाठी सरकारने खर्च केला, आणि तो अंगी लागला! चिलिकाला समुद्र जवळ होता म्हणून ते जमले. लोणारपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. इथे एकदा गेलेला खार परत आणायचा म्हणजे उन्हाला विनवण्या करत बसायचे.

आणि दुसरे टोक पाहायचे असेल तर कोलकात्याला जा. तिथे 'सॉल्ट लेक' नावाची मोठी देखणी वसाहत आहे. साठच्या दशकात खारी दलदल हुगळीच्या गाळाने भरून ती वसवली. लेक राहिले ते पाटीवर.

आता सिमेंटच्या रस्त्याबद्दल. म्हाताऱ्या माणसांनी काय पाप केले, त्यांनी खाली जाऊ नये का, असे मला विचारण्यात आले. माझ्या स्वतःच्या गुडघ्याची एक वाटी बदललेली आहे, तेव्हा हा प्रश्न मला विचारणाऱ्याने जरा जपून विचारावा. उतारावरच्या पायऱ्या नीट करा, हाताला धरायला कठडा द्या, मध्ये बसायला दोन दगडी ओटे ठेवा, गावातली जाणती पोरे वाटाडे म्हणून नेमा. याला माझी ना नाही. पण काठाची वाट पक्की करू नका. का, ते साध्या व्यवहारातले आहे. या सरोवराचा काठ एका जागी राहत नाही. २०२० मध्ये तो इतका आत होता की चालणाऱ्याला पाण्यापर्यंत जायला चिखल तुडवावा लागे. पाच वर्षांत तो देवळात शिरला. तुम्ही रस्ता नेमका कुठे बांधणार? एका पातळीला बांधाल तर दुसऱ्या पातळीला तो एकतर बुडेल, नाहीतर रानात लोंबकळेल. पायवाट मात्र पाण्याबरोबर सरकते. पाणी वर आले की माणसे चार पावले वरून चालतात, ओसरले की खालून. तिच्यासाठी निविदा काढावी लागत नाही. आणि जिथे पेव्हर ब्लॉक पोहोचतात तिथे त्यांच्या मागोमाग भेळेची गाडी, तिच्या मागोमाग दिवे आणि दिव्यांच्या मागोमाग गाणी पोहोचतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. मोराने मग कुठे जावे?

होड्यांविषयी मी लिहीत नाही. सरोवरात होडी हवी असणाऱ्यांनी आमच्या कारंजा धरणावर यावे, मी स्वतः चहा पाजीन.

कमळजादेवीजवळ एक विहीर आहे. सासू-सुनेची विहीर म्हणतात. एकाच विहिरीत एका अंगाचे पाणी गोडे, दुसऱ्या अंगाचे खारे. झऱ्याचे पाणी एका बाजूने येते, सरोवराचे दुसरीकडून झिरपते आणि दोघी एका आडात नांदतात. सासू कोणती आणि सून कोणती यावर तिथे बायकांचे एकमत कधीच होत नाही. पाणी चढले की ती विहीर दिसेनाशी होते. गेल्या हिवाळ्यात ती मला दिसली नाही. सीमेवरचा माणूस असल्यामुळे त्या विहिरीवरून आणि एकूणच खाऱ्यात गोडे मिसळण्यावरून मला पुष्कळ काही सुचते. आपल्या भाषेबद्दल, घराबद्दल, पोरांच्या शाळांबद्दल. पण प्रत्येक दगडात आपलेच रडगाणे कोरायची खोड आपल्या लोकांना आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही. लोणारचे दुःख लोणारचे आहे. ते तेवढ्यापुरते ऐकले तरी पुरे.

एक गोष्ट मात्र आपल्या माथी मारल्याशिवाय राहवत नाही. वरून बघून परतणाऱ्या पन्नासांत आपण असतो. मेहकर-लोणारचा हा मुलूख १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली जाईपर्यंत आपल्यासारखाच निजामाचा होता; वाटा, बाजार, सोयरिकी इकडून तिकडे होत्या. आपल्यासाठी ते परके ठिकाण नव्हे. सरकार कुठे लक्ष घालते? जिथे माणसे जातात, विचारतात, तक्रार करतात तिथे. दीड तासात फोटो काढून शेगावचा रस्ता धरणारा माणूस काय विचारणार? त्याला पाणी कालच्यापेक्षा चढले की उतरले हे कळत नाही, कारण त्याने काल पाहिलेले नाही आणि आजही नीट पाहिलेले नाही. ज्याने काठाची वाट दोनदा चालली आहे त्याला ते न सांगता कळते. वाट बुडाली हे आम्हा चौघांना कळले, बसमधल्या इतरांना कळले नाही, एवढ्यातच सगळे आले. गजानन महाराजांना आपण दोन तास उशिरा पोहोचलो तर ते रागावणार नाहीत. ज्यांनी कोरड्या विहिरीला पाणी आणल्याची कथा आपण भक्तिभावाने सांगतो, त्यांना पाण्याच्या गोष्टी कळत असणार.

त्या दिवशी आम्ही चौघे जिथवर जाता आले तिथवर गेलो. धारेकडून उतरणारा ओहोळ जिथे सरोवराला मिळतो तिथे मी ओंजळ भरून हळद टाकली. ती पिवळीच राहिली. ते अपेक्षितच होते. तिथे सगळे वरचेच पाणी. मग आम्ही बाभळीच्या फांद्या चुकवत शंभर-दीडशे पावले पुढे गेलो आणि पुन्हा टाकली. थोडा वेळ काहीच झाले नाही. आमच्यातल्या एका वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हळद जुनी असेल." मग हळूहळू ती लालसर झाली. २०१९ मध्ये नातवाच्या ओंजळीत झाली होती तशी नाही. पातळ, कुंकू धुतलेल्या पाण्यासारखी. हळद खरेच जुनी होती की काय, कोण जाणे. हा काही प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे आणि मी तो तसा मांडतही नाही.

पुढच्या जानेवारीत मंडळाची सहल पुन्हा त्याच बाजूला ठरते आहे. मी चिटणीसांना लेखी कळवले आहे की लोणारला बस निदान चार तास थांबणार असेल तरच माझी वर्गणी धरावी. ज्येष्ठ सभासदांनाही मी बरोबर घेणार आहे. त्यांच्यासाठी काठी आणि सावकाश चालणारा एक सोबती आताच ठरवून ठेवला आहे. हळद नवी घेतली आहे. गेल्या आठवड्यात दळून आणली.